स्वतःची लाईट बनवताय? हलका रिफ्लेक्टर आणि बल्ब कसा निवडायचा?

समजा, सातपाटी किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर रात्री बोट लागली आहे. ताडपत्रीवर मासळी ओतली आहे. बोंबील, मांदेली, कोलंबी वेगळी करायची आहे. वीज गेलेली आहे किंवा मीटरपर्यंत वायर पोहोचत नाही. अशा वेळी बांबूच्या टोकाला, बॅटरीवर चालणारी एक लाईट लावायची आहे. ती इतकी हलकी हवी की बांबू वाकणार नाही, वारा आला तरी फारशी डोलणार नाही आणि एका माणसाला उचलून नेता येईल.

बाजारात मिळणारी तयार फ्लडलाईट यासाठी बहुतेक वेळा जड पडते किंवा नको तिथे प्रकाश टाकते. म्हणून अनेक जण सुटे भाग आणून स्वतः लाईट जोडतात. आणि इथेच एक चूक हमखास होते: आधी जास्त वॅटचा बल्ब घेतला जातो, मग त्यावर बसेल तो रिफ्लेक्टर शोधला जातो.

खरं तर हा क्रम उलटा हवा. तो का आणि हिशेब कसा करायचा, ते याच ताडपत्रीच्या उदाहरणावरून समजून घेऊया. अंगणातलं काम असो, भजनाचा मंडप असो किंवा दुकानाबाहेरची पाटी, पद्धत तीच राहते.

पहिला प्रश्न: प्रकाश नेमका कुठे पडायला हवा?

वॅट ठरवण्याआधी दोन मापं घ्या. लाईट किती उंचीवर असेल आणि खाली किती रुंद जागा उजळायची आहे.

आपल्या उदाहरणात लाईट जमिनीपासून २ मीटर उंच आहे आणि ताडपत्रीवर २ मीटर व्यासाचं वर्तुळ उजळायचं आहे. रिफ्लेक्टरच्या खोक्यावर 'बीम अँगल' म्हणून एक अंश लिहिलेला असतो. झोताच्या मध्यापासून बाजूला जाताना प्रकाशाची तीव्रता जिथे निम्मी होते, त्या दोन कडांमधला हा कोन. २ मीटर उंचीवरून खाली साधारण किती रुंद झोत पडतो, ते असं:

- २४ अंश: सुमारे ८५ सेंटिमीटर
- ३६ अंश: सुमारे १.३ मीटर
- ६० अंश: सुमारे २.३ मीटर
- ९० अंश: ४ मीटर

म्हणजे आपल्याला ६० अंशांचा रिफ्लेक्टर हवा. २४ अंशांचा घेतला तर मधोमध डोळे दिपतील आणि कडेची मासळी अंधारात राहील. ९० अंशांचा घेतला तर बराच प्रकाश वाळूवर वाया जाईल.

दुसरा प्रश्न: मग प्रकाश किती लागेल?

इथे दोन शब्द माहीत हवेत. बल्बमधून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते 'ल्युमेन'मध्ये मोजतात. तो प्रकाश एका चौरस मीटरवर किती पडतो, ते 'लक्स'. १ चौरस मीटरवर १ ल्युमेन पडला तर १ लक्स.

मासळी निवडण्यासारख्या कामाला सरासरी २०० लक्स धरूया. २ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. म्हणजे ताडपत्रीवर प्रत्यक्ष सुमारे ६३० ल्युमेन पोहोचायला हवेत.

'पोहोचायला' हा शब्द महत्त्वाचा आहे. उघडी एलईडी चिप समोर सगळीकडे प्रकाश फेकते. २ मीटर उंचीवरून त्यातला फक्त २० टक्के प्रकाश आपल्या वर्तुळात पडतो. उरलेला बाजूला जातो. म्हणजे रिफ्लेक्टर न लावता काम भागवायचं तर चिपमधून सुमारे ३,१५० ल्युमेन निघायला हवेत. एका वॅटला १०० ल्युमेन असा सावध हिशेब धरला, तर जवळपास ३१ वॅट लागतात.

आता ६० अंशांचा चांगला रिफ्लेक्टर लावा. काही प्रकाश रिफ्लेक्टरमध्ये शोषला जाईल, काही कडेने सांडेल. तरी निम्मा प्रकाश वर्तुळात पडेल असं धरायला हरकत नाही. मग १,२६० ल्युमेन पुरतात. म्हणजे सुमारे १३ वॅट.

ताडपत्रीवरचा उजेड तेवढाच आहे, पण ३१ वॅटचं काम १३ वॅटवर आलं. रिफ्लेक्टर निवडताना तो किती ग्रॅमचा आहे, यापेक्षा तो किती वॅट वाचवतो हे आधी पाहायचं ते यामुळे. वॅट कमी झाले की बॅटरी आणि उष्णता घालवणारी धातूची जाळी म्हणजे हीटसिंक, दोन्ही लहान होतात. लाईटचं खरं वजन तिथेच असतं.

बॅटरीवर याचा काय परिणाम होतो?

एलईडीला नेमका करंट देणारा 'ड्रायव्हर' थोडी वीज खातो. त्यासाठी १५ टक्के वाढवले, तर १३ वॅटची लाईट बॅटरीतून सुमारे १५ वॅट घेईल. चार तास चालवायची तर ६० वॅट-अवर लागतील. रिफ्लेक्टर नसलेल्या ३१ वॅटच्या लाईटला त्याच चार तासांत १४० वॅट-अवरपेक्षा जास्त लागतील.

लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली तर ती लवकर खराब होते. म्हणून ६० वॅट-अवरसाठी १२ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची बॅटरी घ्यावी लागते. ती साडेतीन-चार किलोची असते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरची बॅटरी तेच काम करते आणि तिचं वजन साधारण पाऊण किलो भरतं. ती महाग असते, तिला तिचाच चार्जर लागतो आणि आत संरक्षक सर्किट असल्याची खात्री करावी लागते.

बॅटरी बांबूच्या बुंध्याशी ठेवा, वर टांगू नका. तिच्या वजनाने बांबूला उलट आधारच मिळतो.

रिफ्लेक्टर आणि बल्ब ही जोडी का असते?

रिफ्लेक्टर प्रकाश वळवतो, पण कुठून निघालेला प्रकाश वळवायचा हे त्याच्या आकारात आधीच ठरलेलं असतं. प्रकाशाचा उगम लहान असेल तर लहान रिफ्लेक्टर पुरतो. उगम मोठा झाला की तसाच झोत मिळवायला रिफ्लेक्टरही त्याच पटीत मोठा लागतो.

बाजारात 'सीओबी' नावाची एलईडी चिप मिळते. अनेक बारीक एलईडी एकाच पाटीवर दाटीने बसवून त्यावर पिवळा थर दिलेला असतो. १३ वॅटच्या आसपासच्या अशा चिपचा उजळणारा भाग साधारण १ सेंटिमीटरचा धरूया. तिला ५ सेंटिमीटर तोंडाचा कप पुरतो.

घरातला नेहमीचा ९ वॅटचा पिनवाला एलईडी बल्ब घेतला, तर त्याचा दुधी घुमट सुमारे ६ सेंटिमीटरचा असतो. तो सगळा घुमटच उजळतो. सहापट मोठा उगम, म्हणून रिफ्लेक्टरही ३० सेंटिमीटरचा लागेल. रुंदी सहापट झाली की पत्रा छत्तीसपट लागतो. १ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचा ५ सेंटिमीटरचा कप १० ग्रॅमच्या आत बसतो. ३० सेंटिमीटरचा त्याच घडणीचा कप ३०० ग्रॅमच्या पुढे जातो. शिवाय त्यावर वाराही छत्तीसपट जागेवर आदळतो. किनाऱ्यावर हा मुद्दा वजनाइतकाच महत्त्वाचा आहे.

त्यामुळे 'घरचा बल्ब आणि वर स्टीलचं भांडं' हा जुगाड उजेड देतो, पण झोत देत नाही.

बल्बचे कोणते पर्याय आहेत?

*सीओबी चिप:* सर्वात हलकी आणि रिफ्लेक्टरसोबत नीट जुळणारी. मात्र हीटसिंक, ड्रायव्हर आणि होल्डर वेगळे घ्यावे लागतात. सोल्डरिंग येत असेल तर हाच पर्याय चांगला.

*एमआर१६ प्रकारचा एलईडी बल्ब:* यात बल्ब आणि रिफ्लेक्टर किंवा लेन्स एकत्रच असतात. नावातला १६ म्हणजे इंचाच्या आठव्या भागांची संख्या. १६ भागिले ८, म्हणजे २ इंच व्यास. १२ व्होल्टवर चालणारे असे दोन किंवा तीन बल्ब शेजारी लावले की पहिल्यांदाच लाईट बनवणाऱ्याचं काम सोपं होतं. खोक्यावर '१२ व्होल्ट डीसी' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा.

*हॅलोजन:* १२ व्होल्टचा ५० वॅट हॅलोजन झोत छान देतो, पण चार तासांत २०० वॅट-अवर संपवतो. त्याच्या काचेच्या रिफ्लेक्टरवरचा थर प्रकाश पुढे पाठवतो आणि बरीचशी उष्णता मागे सोडतो. त्यामुळे मागे प्लास्टिक, कापड किंवा बांबू असेल तर धोका आहे. बॅटरीवरच्या हलक्या लाईटसाठी हा पर्याय सोडून द्यावा.

*घरगुती एलईडी बल्ब:* २३० व्होल्टवर चालतो, त्यामुळे ओल्या जागी नको. बंद डब्यात बसवला तर आतला ड्रायव्हर तापून लवकर जातो.

बल्ब किंवा ड्रायव्हर घेताना भारतीय मानक ब्युरोचं नोंदणी चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक पाहा. एलईडी बल्बसाठी ही नोंदणी सक्तीची आहे.

कोणत्या मटेरियलचा रिफ्लेक्टर घ्यायचा?

५ सेंटिमीटरच्या कपात वजनाचा फरक किरकोळ आहे. ॲल्युमिनियमचा कप १० ग्रॅमच्या आत, पॉलिकार्बोनेटचा ६-७ ग्रॅम, काचेचा किंवा स्टीलचा १६-१७ ग्रॅम. म्हणून इथे ग्रॅम मोजत बसण्यापेक्षा प्रकाश आणि टिकाऊपणा पाहा.

- *पॉलिकार्बोनेटवर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर:* पडलेल्या प्रकाशापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. १०० अंश सेल्सिअसपर्यंत आकार टिकवतो. सीओबीसाठी तयार मिळणारे बरेच कप असेच असतात. आतल्या थराला बोट लावू नका, डाग निघत नाही.
- *ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम:* उष्णता सहन करतो, दणकट असतो. मोठ्या आकारात हाच परवडतो.
- *एबीएस प्लास्टिकवर चंदेरी थर:* स्वस्त, पण ८०-९० अंशांना मऊ पडतो. चिपला चिकटून असेल तर टाळा.
- *पांढरा रंग दिलेला पत्रा:* प्रकाश बऱ्यापैकी परत येतो, पण सगळीकडे पसरतो. झोत मिळत नाही.
- *स्वयंपाकघरातली फॉइल:* सुरकुत्यांमुळे झोत फाटतो. शिवाय ती वीजवाहक आहे. उघड्या टर्मिनलला टेकली तर शॉर्टसर्किट होईल.

कपाचा आतला भाग आरशासारखा गुळगुळीत असेल तर चिपची आकृती आणि कड्या खाली दिसतात. संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत असेल तर प्रकाश एकसारखा पडतो. निवडण्याच्या कामाला खडबडीत बरा.

हीटसिंकशिवाय चालेल का?

नाही. एलईडीचा झोत गरम लागत नाही, म्हणून ती तापत नाही असा समज होतो. प्रत्यक्षात तिला मिळालेल्या विजेचा निम्म्याहून जास्त भाग चिपच्या मागच्या बाजूला उष्णता होऊन साठतो. १३ वॅटच्या चिपमध्ये हे ८-९ वॅट होतात.

चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्या. जाड थर दिला तर उलट अडथळा होतो. हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. अर्धा तास लाईट चालवून हीटसिंकला हात लावा. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल, तर हीटसिंक लहान आहे किंवा करंट जास्त आहे.

चिप थेट बॅटरीला जोडू नका. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी रिकामी होताना ११ व्होल्टच्या आसपास येते आणि चार्जिंगला असताना १४ व्होल्टच्या वर जाते. एवढ्याशा फरकानेही एलईडीतला करंट खूप वाढतो आणि चिप जळते. ड्रायव्हर त्यासाठीच असतो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच २ अँपिअरचा फ्यूजही बसवा.

मासळीसाठी प्रकाशाचा रंग महत्त्वाचा आहे?

हो. ताजेपणा पाहताना माशाच्या कल्ल्यांचा लाल रंग बघतात. स्वस्त एलईडीखाली लाल रंग मळकट दिसतो. खोक्यावर 'सीआरआय' म्हणून आकडा असतो. रंग किती खरे दिसतील, याचं ते माप. किमान ८० हवा, ९० मिळाला तर उत्तम. मात्र ९० वाल्या चिपमधून त्याच वॅटला थोडे कमी ल्युमेन निघतात.

रंगछटा ३००० ते ४००० केल्विनच्या दरम्यान ठेवा. निळसर पांढऱ्या ६५०० केल्विनच्या दिव्याकडे किडे जास्त येतात. उघड्यावर मासळी असताना ते परवडत नाही.

खारी हवा आणि पावसाचं काय?

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उघडा रिफ्लेक्टर फार टिकत नाही. मिठाचा थर बसून चकाकी जाते आणि हळूहळू ताडपत्रीवरचे लक्स घटतात. म्हणून रिफ्लेक्टरच्या तोंडावर पारदर्शक झाकण आणि रबरी गॅस्केट हवं. झाकणाने सुमारे ८ टक्के प्रकाश कमी होतो, पण रिफ्लेक्टर वाचतो. वजन कमी ठेवायला काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचं झाकण चालेल.

तयार डबा घेत असाल तर 'आयपी६५' पाहा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. ॲल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या हवेत तो जोड लवकर कुजतो. स्टेनलेस स्टीलमध्ये ३१६ ग्रेड मिळाला तर घ्या.

ही लाईट कुठे वापरू नये?

दोन ठिकाणं विशेष लक्षात ठेवा.

पहिलं, तारापूर एमआयडीसी. बोयसरजवळच्या या वसाहतीत रसायनं आणि औषधांचे कारखाने आहेत. जिथे सॉल्व्हंटची वाफ किंवा ज्वलनशील वायू असू शकतो, तिथे घरी जोडलेली लाईट नेऊ नका. ती १२ व्होल्टची असली तरी नाही. स्विचमधली किंवा सैल वायरमधली बारीकशी ठिणगीही आग लावायला पुरते. अशा जागेसाठी 'फ्लेमप्रूफ' लाईट वेगळ्या बनतात. त्यांच्यावर 'ईएक्स' अशी खूण असते आणि त्यांना 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेची मान्यता लागते. त्यांचा जड डबा आतल्या स्फोटाची ज्वाला बाहेर पडू नये म्हणूनच जड असतो. तिथे वजन कमी करण्याचा प्रश्नच येत नाही. टाकीत उतरताना 'दोनच मिनिटांचं काम आहे' म्हणून साधी बॅटरी मागवली गेली, तर नाही म्हणण्याचा अधिकार कामगाराला आहे.

दुसरं, समुद्रात मासे आकर्षित करण्यासाठी. डेकवर किंवा किनाऱ्यावर काम करायला दिवा लावणं वेगळं आणि प्रखर एलईडीने मासे गोळा करून पकडणं वेगळं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातही २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढवले गेले. अशा प्रकाशाने लहान मासळीही ओढली जाते आणि पारंपरिक मच्छीमारांच्या जाळ्यात काही उरत नाही, हा त्यामागचा मुद्दा आहे.

आणि जिथे रिफ्लेक्टर नकोच?

विक्रमगड, जव्हार भागात बांबूचे आकाशकंदील बनतात. त्यात रिफ्लेक्टर लावू नका. कंदिलाला झोत नको, सगळीकडून सारखा उजेड हवा. तिथे दुधी घुमटाचा ५ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. इथे त्याचा मोठा उगम फायद्याचाच ठरतो. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन मात्र कागद आणि बांबूजवळ नको.

खरेदीला जाण्याआधी

वायर, फ्यूज, होल्डर, बॅटरी हे सामान बोयसर किंवा पालघरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. सीओबी, कप आणि ड्रायव्हर एकत्र पाहून घ्यायचे असतील, तर डहाणूहून चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोड तिथून जवळ आहे. सोबत ही यादी ठेवा:

- उंची आणि उजळायच्या जागेची रुंदी, त्यावरून बीम अँगल
- लागणारे ल्युमेन आणि त्यावरून वॅट
- चिपच्या उजळणाऱ्या भागाचा व्यास आणि त्यालाच बसणारा कप
- चिपला लागणारा व्होल्टेज आणि करंट, त्याला जुळणारा ड्रायव्हर
- सीआरआय, केल्विन, झाकण, गॅस्केट, स्क्रू

दुकानातच चिपवर कप ठेवून लाईट भिंतीकडे धरायला सांगा. १ मीटर अंतरावरून ६० अंशांचा झोत भिंतीवर साधारण १.१५ मीटर रुंद दिसायला हवा. मधोमध काळा डाग किंवा कडेला पिवळी कडी दिसली, तर कप आणि चिप जुळलेले नाहीत. दुसरा कप मागा. घरी आल्यावर मोबाईलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने ताडपत्रीच्या मध्यावर आणि कडेला मोजून पाहा. आकडा अगदी अचूक नसेल, पण दोन कपांत कोणता बरा, हे कळायला तो पुरेसा आहे.